एकोणिसावा तारा

सव्वाअकराच्या सुमारास उत्तर आलं, आणि ते जुळलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली, कॅल्क्युलेटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि तोच हिशेब पहिल्यापासून मांडला. तेहेतीस दिवस आणि वर सहा तास. टेबलाच्या काचेखाली वेधशाळेचा सत्तावीस ताऱ्यांचा तक्ता कित्येक वर्षं दाबून ठेवलेला होता; त्याच्या एकोणिसाव्या ओळीत तेहेतीस दिवस आणि वर सहा तास असंच छापलेलं होतं. खाली रस्त्यावर सिग्नल लागलेला होता, गाड्या थांबल्या होत्या, एक माणूस कानाला फोन लावून रस्ता ओलांडत होता. सगळं जिथल्या तिथं होतं. तरीही ती उठली आणि खिडकी लावून घेतली, आणि मग आपण खिडकी का लावली हे तिला सांगता येईना.

वेधशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला ते चालायचं. जगात कुठंही गेलं तरी अशा संस्थांना पत्रं येतातच: नोकरीतून मोकळी झालेली माणसं, झोप न येणारी माणसं, एकटी माणसं कधीतरी वर बघतात आणि त्यांना विश्वाचं कोडं सुटतं. मग ती ते व्यवस्थित लिहून काढतात, आकृत्या काढतात आणि पाठवून देतात. इतर ठिकाणी ही पत्रं टोपलीत जातात. इथं ती तिसऱ्या मजल्यावर, तिच्या टेबलावर येत. गेली सोळा वर्षं ती प्रत्येक पत्र वाचत आली होती, आणि नुसतं वाचून न थांबता प्रत्यक्ष वेधांशी ताडून बघत आली होती. तिच्या पाच चाळण्या होत्या. रात्र काळी का असते, हे तुमच्या विश्वात बसतं का? दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लालीकडे सरकलेला दिसतो, तो का? आभाळाच्या सगळ्या बाजूंनी एक मंद ऊब सारखीच येत राहते, ती कुठून? हेलियम एवढा कसा? आणि पाचवी, सगळ्यांत बारीक भोकांची: दूरवर फुटलेले तारे जवळच्यांपेक्षा सावकाश विझतात, ते का? बहुतेक विश्वं पहिल्या दोन चाळण्यांतच अडकायची. एका दंतवैद्यांचं विश्व काळ्या रात्रीपाशी आडवं झालं. एका विमा एजंटानं सगळ्याला सातानं भागलं होतं, त्याला तर पहिल्या चाळणीनंच पाणी पाजलं. एका बाईंनी लोकरीनं विणून विश्व पाठवलं होतं, मधे भोक असलेलं, फार सुबक. ते हिनं दोन पानी पत्र लिहून नाकारलं आणि विणकाम मात्र कपाटावर ठेवून घेतलं. ती कुणाची टर उडवत नसे. तुमचं या ठिकाणी अडतं, असं नेमकं बोट ठेवून सांगत असे. लोक रागवत, उलट पत्रं पाठवत, पण बरेचसे आभार मानत, कारण त्यांचं कुणीतरी शेवटपर्यंत वाचलेलं असे.

हे पत्र आलं होतं एका शाळेतल्या घंटेवाल्याकडून. एकतीस वर्षं त्यानं एकाच शाळेत घंटा दिली होती. अक्षर मोठं आणि वळणदार, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्याचं असतं तसं. 'विश्व फुगत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'सेकंद आखडत चालला आहे. आजचा सेकंद कालच्या सेकंदापेक्षा बारीक आहे. दूरचा प्रकाश जुना आहे, तो लांब सेकंदांच्या दिवसांत निघाला, म्हणून तो आपल्याला मंद आणि लाल दिसतो.' इथपर्यंत ठीक होतं, असं म्हणणारी माणसं पूर्वीही येऊन गेली होती, आणि त्यांना तिचा प्रश्न ठरलेला असे: सगळंच आखडत असेल तर घड्याळही आखडणार, मग तुम्हाला कळलं कसं? पण हा म्हातारा पक्का होता. त्याचं म्हणणं असं, की घड्याळं आखडतात, तारे आखडतात, पण जिवंत माणसाची नाडी जुन्याच काळावर चालते. शाळेची पहिली घंटा आणि प्रार्थनेची दुसरी घंटा यांत पाच मिनिटं असत. एकतीस वर्षं रोज सकाळी ही पाच मिनिटं त्यानं मनगट धरून उभं राहण्यात काढली होती, ठोके मोजत. पूर्वी पाच मिनिटांत जितके ठोके मावायचे तितके आता मावत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातून त्यानं एक स्थिरांक काढला होता, एक साधं सूत्र बसवलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, 'आपल्याकडे लांबच्या ताऱ्यांच्या विझण्याचे आकडे असतील. मी ते पाहिलेले नाहीत. कृपया ताडून बघावेत.'

नाडीचं ऐकून तिला हसू आलं होतं. नाडी जिना चढल्यावर वाढते, चहा घेतल्यावर वाढते, म्हातारपणी मंदावते. हे काही विश्वाचं घड्याळ नव्हे. पण तिचा नेम असा होता, की माणूस कुठून आला हे बघायचं नाही, सूत्र बघायचं. सूत्र पहिल्या चाळणीतून गेलं. दुसरीतून गेलं. ऊबही कशीबशी बसली. हेलियमबद्दल म्हातारा गप्प होता, पण चुकीचंही काही बोलला नव्हता. राहिली पाचवी. तक्त्यातले सव्वीस तारे तसे जवळचे. त्यांच्यापुरतं म्हाताऱ्याचं सूत्र आणि पुस्तकातलं सूत्र यांत निवड करायला जागाच नव्हती, दोन्ही सारखीच बसत होती. एकोणिसावा मात्र फार दूरचा. जवळचा असला तारा फुटला की त्याचं तेज अर्ध्यावर यायला वीसेक दिवस लागतात. एकोणिसाव्याला, अंतर बघता, एकोणतीस लागायला हवे होते. तक्त्यात तेहेतीस होते. चार दिवसांचा हा जास्तीचा लोंबता भाग एकवीस वर्षं सगळ्यांना खटकत आला होता. कुणी धुळीवर ढकलत, कुणी ताऱ्याच्या जातीवर. जगातल्या कुठल्याही सूत्रात तो बसत नव्हता. घंटेवाल्याच्या सूत्रात तो तासासकट बसला.

आणि एकोणिसावा खोटा होता. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस खिडकी लावून आपल्या टेबलापाशी उभं होतं.

एकवीस वर्षांपूर्वी ती वेधशाळेत तशी नवीच होती. धाकट्या दुर्बिणीवर तिला एकटीला काम मिळावं म्हणून तिनं तीन वर्षं वाट बघितली होती, आणि ते मिळालं त्याच महिन्यात तो तारा फुटला. त्याच महिन्यात ताईही आजारी पडली. ताई म्हणजे थोरली बहीण, पण आई गेल्यावर हिची वेणी घालण्यापासून हिच्या फीच्या रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. रजा टाकली असती तर दुर्बीण दुसऱ्याच्या हाती गेली असती. म्हणून तिनं रजा टाकली नाही आणि कामावरही गेली नाही. दवाखान्यात पलंगाशेजारी लोखंडी स्टूल होतं, त्यावर ती अकरा दिवस बसली. थेंब थेंब पडणारी सलाईन, भिंतीवरचं घड्याळ, ताईच्या ओठांवरून फिरवायचा ओला बोळा. घड्याळाकडे बघायचं, डोळे मिटायचे, खूप वेळानं उघडायचे, तर काटा तिथंच. अकराव्या दिवशी दुपारी सगळं एकदम संपलं. ती कामावर परत आली तेव्हा आभाळ भरलेलं होतं, आणि निवळलं तोवर ताऱ्याचं काही उरलं नव्हतं. एका दुपारी तिनं नोंदवही पुढं ओढली आणि अकरा रात्रींचे आकडे मनानं भरले. तारा कसा विझत गेला असेल याचा विचारही तिनं केला नाही. हात आपोआप चालत होता. पुढं याच आकड्यांवरून तेहेतीस दिवसांचा हिशेब निघाला, तक्ता छापला गेला, तिचं नाव झालं, आणि काही वर्षांनी तिनं आपण होऊन ही पत्रांची जबाबदारी मागून घेतली. दुसऱ्यांच्या विश्वांतली एकेक चूक शोधून काढणारी ही बाई का एवढी जीव तोडून काम करते, याचं सगळ्यांना कौतुक वाटे. तिला स्वतःला त्याची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती आणखी काम करी.

आता प्रश्न असा होता, की जो आकडा जगात कुठंच नव्हता, फक्त एका दुपारी तिच्या डोक्यातून निघाला होता, तो त्या म्हाताऱ्याला सापडला कसा? त्यानं तक्ता बघून सूत्र जुळवलं असेल म्हणावं, तर तसं करणारे लोक असे लिहीत नाहीत. ते आधी तक्ताच नाकावर आपटतात. म्हणजे तो आकडा तिनं काढायच्या आधीपासून कुठंतरी होता की काय? ती तळघरातल्या दप्तरखान्यात जाऊन जुनी नोंदवही काढून बसली. अकरा ओळी, निळी शाई, तिचंच अक्षर. वर खाली इतर रात्रींच्या खऱ्या नोंदी होत्या आणि मधे या, आणि त्या नोंदींत तिला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली: एकही आकडा शून्यावर किंवा पाचावर संपत नव्हता. खऱ्या मोजमापात शून्य येतात, पाच येतात, मुबलक येतात. मनानं लिहिणारा माणूस गोल आकड्यांना भितो. ते पान बघता बघता तिला आठवायला लागलं, की आपण तो तारा बघितला होता. दुर्बिणीच्या लोखंडाचा गारवा हाताला लागला. घुमटाची चाकं कुरकुरताना ऐकू आली. काळ्यात तो बारीक ठिपका, रोज किंचित मंद, अकरा रात्री, एकही चुकवलेली नाही. तिनं घाईघाईनं ताईचा शेवटचा चेहरा आठवून बघितला, तर तो येईना. स्टूल आलं, बोळा आला, उशीवरची घडी आली. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता.

त्या आठवड्यात काहीतरी बिनसलं. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती वळायच्या आत ते उतू जाई. कार्यालयाचा लांबलचक कॉरिडॉर, ज्यात एरवी तीनदा तरी कुणाशी बोलायला थांबावं लागे, तो चार पावलांत संपे. सिग्नलवरचे लाल आकडे नव्वदापासून उतरताना तिला शेवटचे दहा कधी दिसतच नसत. एकदा दुपारी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर आहेत आणि ओठ हलताहेत. मोठे सर, म्हणजे वेधशाळेचे संचालक, नेमके तेव्हाच दारात आले.

"काय बाई, कुणी पास झालं का यंदा?" ते दर महिन्याला हेच विचारत.

"एक जण," ती म्हणाली.

सर हसले. "मग आपण सगळे घरी जायला मोकळे," म्हणाले, आणि चष्मा पुसत पुढं गेले. तिला त्यांना हाक मारायची होती. हाक मारेपर्यंत ते दिसेनासे झाले होते, आणि घड्याळात तर वीस मिनिटं उलटलेली होती. त्याच दिवशी तिनं घंटेवाल्याला लिहिलं, की वह्या घेऊन भेटायला या.

तो मंगळवारी सकाळी आला. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत दोन कापडी पिशव्या, त्यांत एकतीस शाळकरी वह्या, प्रत्येकीला तपकिरी कव्हर आणि वर सालाचं लेबल. ती त्याला पाणी देईपर्यंत तो उभाच राहिला होता, बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बाई, जुळलं का?" त्यानं विचारलं. शाळेतली माणसं शिक्षिकांना म्हणतात तसं बाई.

"आधी वह्या बघू द्या, काका."

तिनं पहिली वही उघडली. दर पानावर तारखा आणि ठोके. तीनशे साठ, तीनशे बावन्न, तीनशे सत्तर. माणसाची साधी नाडी, कधी ताप, कधी धावपळ. दुसरी, तिसरी, पाचवी. कुठंच काही आखडत नव्हतं. तीनशे साठाच्या आसपास नाडी आपली निवांत चालली होती. सहाव्या वर्षाच्या वहीत मधेच सात आठवडे आकडे वर चढले. चारशे एकवीस. चारशे अठरा. चारशे सव्वीस. पुढं पुन्हा तीनशे साठ, ते थेट शेवटच्या वहीपर्यंत. तिनं बोट ठेवून ते सात आठवडे खालपर्यंत वाचले आणि मग तिचं बोट थांबलं. एकही आकडा शून्यावर संपत नव्हता. पाचावरही नाही. सगळी गंमत या एवढ्याशा उंचवट्यात होती. सुरुवातीला हा उंचवटा होता म्हणून एकतीस वर्षांची रेघ तिरकी झाली होती. तो काढला की रेघ सपाट, सूत्र सपाट, सेकंद होता तेवढाच.

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला शिसारीही आली. आता एकोणिसाव्या ताऱ्याचं नावही काढायची गरज नव्हती. तुमच्या नोंदीच बनावट आहेत, काका, तुमचं इथं अडतं. एक वाक्य. म्हातारा पिशव्या उचलून निघून जाईल, आणि काचेखालचा तक्ता जसा आहे तसा राहील.

"काका, हे सात आठवडे," ती म्हणाली.

"ते मनानं लिहिलेत," तो म्हणाला.

एवढ्या सहज म्हणाला की तिनं वहीवरचं बोट उचललं.

"बायको दवाखान्यात होती. मी तिच्यापाशी. शाळेत घंटा दुसराच कुणी देत होता. पण वही कोरी कशी ठेवायची? मग संध्याकाळी बसून लिहायचो, की आज पाच मिनिटांत किती ठोके मावले असते. म्हणजे तिथं बसल्यावर पाच मिनिटं केवढी होतात ना, त्या मापानं." त्यानं ग्लासातलं पाणी थोडं प्यायलं. "एकोणपन्नासाव्या दिवशी गेली. नंतर पाच मिनिटं परत पाचच झाली."

"म्हणजे हे खरे आकडे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं की. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाही. पोरगा म्हणायचा, बाबा, तुम्हाला नुसतं तसं वाटलं. वाटलंही असेल. मग मनात आलं, आभाळात तपासून बघू. आपलं मनचं असेल तर तिथं काही ते जुळायचं नाही. तिथं काय आपलं कोण बसलंय?" तो आता खुर्चीच्या कडेवरून नीट मागं सरकून बसला होता. "तुम्ही बोलावलंत तेव्हाच मी समजलो, की काहीतरी जुळलंय. नाहीतर तुम्ही पत्रानंच कळवलं असतं. सांगा ना, बाई. जुळलं ना?"

"एका ताऱ्याशी जुळलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत. "एक पुरे," तो म्हणाला. "म्हणजे ते दिवस खरंच एवढे होते. मला नुसतं वाटलं नव्हतं. आता बाकीचं तुम्ही काहीही म्हणा, विश्व फुगू द्या नाहीतर आखडू द्या, मला एवढंच हवं होतं."

खाली सिग्नल सुटला असावा; गाड्या गेल्याचा आवाज आला आणि तो संपेचना. तिला वाटलं, याला घरी जाऊ द्यावं. याच्या एकोणपन्नास दिवसांना आभाळात एक साक्षीदार मिळालाय, तो काढून घेणारे आपण कोण? आपलं नावही राहील, याचं समाधानही राहील, कुणाचं काही अडणार नाही. पण समोर वही उघडी होती, आणि त्यातले आकडे आपण स्वतः लिहिल्यासारखे तिला ओळखीचे वाटत होते. दोन माणसांनी, एकमेकांचं तोंडही न बघितलेल्या, दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या पलंगांशेजारी बसून जे मनानं लिहिलं, ते तासासकट एक निघालं होतं. याला कुठली चाळणी लावायची हे तिला कळत नव्हतं, आणि तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. एवढं मात्र कळत होतं, की हा माणूस खरं बोलून बसलाय आणि आपण त्याच्यासमोर गप्प आहोत.

"काका," ती म्हणाली, "तो तारा खोटा आहे. त्याचे आकडे मी लिहिलेत. मनानं. त्यातल्या एकाही रात्री मी दुर्बिणीपाशी नव्हते. आज ना उद्या नाही, आजच सरांना सांगते. तक्ता आता सव्वीसच ताऱ्यांचा होईल. आणि तुमचं सूत्र कशावरच उभं राहत नाही."

बोलून झाल्यावर तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो चिडेल असं तिला वाटलं, किंवा निदान उठून जाईल. त्यानं सहाव्या वर्षाची वही आपल्याकडे वळवून घेतली, त्या सात आठवड्यांवरून एकदा तळवा फिरवला आणि वही तशीच उघडी ठेवली.

"तुमचं कोण होतं?" त्यानं विचारलं.

"ताई," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"अकरा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मोठे असतील," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "फार मोठे होते." मग एकवीस वर्षांत जे तिनं कुणापुढंही केलं नव्हतं ते तिला करावं लागलं, ती टेबलावर डोकं टेकून रडली, आणि म्हातारा मनगट वगैरे न धरता, घड्याळाकडे न बघता, समोर बसून राहिला.